रंकाळ्याकाठची मासळी आणि गाणे: उजेडात जेवावे, अंधारात ऐकावे

कोल्हापूरकराला जेवणाविषयी कोणी शिकवू नये, हे मला मान्य आहे. मटणाचा तांबडा-पांढरा रस्सा ओरपत लहानाचा मोठा झालेला माणूस ताटासमोर कधी गोंधळत नाही. मात्र रंकाळा तळ्याच्या काठावरच्या महोत्सवात एका बाजूला मासळीचे स्टॉल आणि दुसऱ्या बाजूला गाण्याचा मंच असा बेत असतो, तेव्हा आपली मटणाची सवय आडवी येते. मटण गप्पा मारत, इकडेतिकडे बघत खाता येते. माशाला काटा असतो, त्यामुळे त्याला डोळे आणि बोटे दोन्ही द्यावी लागतात. आणि चांगल्या गाण्यालाही तेवढेच लक्ष द्यावे लागते. एका वर्षी बांगडा निवडत असतानाच मंचावरच्या गायिकेने एक नाट्यपद उचलले, मी मान वर केली आणि काटा घशात गेला. पुढचा दीड तास मी दवाखान्याच्या बाकावर काढला आणि मैफल संपल्याचे घरी आल्यावर कळले. तेव्हापासून अशा महोत्सवाला जाताना मी एकच नियम पाळतो: काट्याचे जेवण उजेडात उरकायचे आणि अंधार पडल्यावर फक्त ऐकायचे.

या नियमाला कायद्याचाही आधार मिळतो. ध्वनिप्रदूषण नियमांनुसार उघड्यावर रात्री १० नंतर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. वर्षातील मोजक्या दिवशीच राज्य सरकार मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकते. म्हणजे मुख्य गायक बहुधा साडेआठच्या सुमारास बसतो आणि दहाच्या ठोक्याला भैरवी आटोपते. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे सूर्य सहा ते साडेसहाच्या दरम्यान मावळतो. म्हणून साडेचार-पाचला पोहोचावे, सूर्यास्तापर्यंत काट्याची मासळी संपवावी, आणि नंतर भूक उरलीच तर कोळंबीसारखे बिनकाट्याचे काही घेऊन मंचाकडे सरकावे. आठ वाजता पोहोचणाऱ्याला रांगेत उभ्यानेच अर्धे गाणे ऐकावे लागते, शिवाय सुरमईचे मधले चांगले तुकडे तोवर संपलेले असतात. शक्य असल्यास केएमटीच्या शहर बसने किंवा रिक्षाने यावे. गाडी आणलीच तर ती लांब लावून चालत यावे, कारण सुटताना सगळ्यांना एकाच वेळी बाहेर पडायचे असते.

हे महोत्सव हिवाळ्यात भरतात, त्याला थंडीखेरीज आणखी एक कारण आहे. राज्याच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते. नारळी पौर्णिमेनंतर दर्या हळूहळू निवळतो आणि दिवाळीनंतर मासळीची आवक स्थिरावते. सणवारही पाहून घ्यावेत. संकष्टीच्या किंवा गुरुवारच्या दिवशी घरातील निम्मी मंडळी नुसतीच बसून राहतात आणि दुसऱ्याच्या ताटाकडे बघत गाणे ऐकणे काही खरे नाही.

पाणी आपल्याकडे तळ्याचे असले तरी मासळी समुद्राची असते, ही गोष्ट मनात पक्की ठेवावी. रत्नागिरीहून आंबा घाटाने किंवा मालवणकडून गगनबावड्याच्या घाटाने ती येते. म्हणजे सव्वाशे-दीडशे किलोमीटरचा वळणावळणाचा प्रवास करून आलेला मासा आपल्यासमोर असतो. तो 'ताजा' आहे का, यापेक्षा तो वाटभर बर्फात होता का, हा प्रश्न महत्त्वाचा. आल्याआल्या कूपन न घेता सगळ्या स्टॉलवरून एक फेरी मारावी आणि कच्ची मासळी कशी मांडली आहे ते पाहावे. माशाचा डोळा फुगीर आणि स्वच्छ असावा, आत बसलेला किंवा दुधाळ नसावा. कल्ले लाल असावेत. बोटाने दाबलेली जागा लगेच वर यावी. बर्फ माशाच्या खालीही असावा आणि वरही. नुसता शोभेपुरता चुरा पसरलेला असेल तर पुढे जावे. मी एकदा एका स्टॉलवरच्या मावशींना विचारले, "मावशी, सुरमई आजची का?" त्या म्हणाल्या, "आजची न्हाई बाळा, कालची हाय. पण खोक्यात बर्फातच आल्या, हात लावून बघ." मी तिथेच जेवलो. कोल्हापुरात उभे राहून 'आत्ताच जाळ्यातून काढली' असे सांगणाऱ्यापेक्षा कालची म्हणणारा माणूस कधीही बरा.

बर्फावर एवढा भर देण्यामागे ठोस कारण आहे. बांगडा, सुरमई, कुपा (ट्यूना) या माशांच्या मांसात हिस्टिडीन नावाचा घटक भरपूर असतो. मासा काही तास उबेत राहिला की जिवाणू त्याचे हिस्टामिन करतात, आणि एकदा तयार झालेले हिस्टामिन तळून, उकळून किंवा पुन्हा गोठवून जात नाही. असा मासा खाल्ल्यावर काही मिनिटांपासून तासाभरात चेहरा लाल होतो, अंगावर गांधी उठतात, डोके दुखते, कधी जुलाब होतात. खाताना जिभेला मिरपुडीसारखी चुणचुण जाणवते, ही त्याची एक खूण. आपल्या कांदा-लसूण चटणीच्या झणक्यात मात्र ही खूण हमखास लपते, म्हणून कोल्हापूरकराने जिभेवर विसंबण्याऐवजी तव्यावर पडण्याआधीचा मासा डोळ्यांनी पाहिलेला बरा. त्रास झालाच तर 'मासा बाधला' म्हणून ओवा चावत बसू नये, डॉक्टरांकडे जावे. श्वासाला अडथळा वाटला तर एक क्षणही थांबू नये.

ज्यांना कोळंबी किंवा खेकड्याची ॲलर्जी आहे, त्यांनी पापलेट मागवतानाही तवा आणि तेल वेगळे आहे का, हे विचारावे. कोळंबी तळलेल्या तेलातच पापलेट पडले तर ॲलर्जीला तेवढे निमित्त पुरते.

आता मागवायचे काय? मंडळी चार असतील तर चौघांनी चार ताटे घेण्याची चूक करू नये. एक-एक पदार्थ घेऊन वाटून खावा आणि सौम्य ते तिखट असा क्रम ठेवावा. आपण सवयीने आधी लाल रश्शावर तुटून पडतो. मग जीभ इतकी पेटते की नंतर पापलेट खाल्ले काय आणि बटाटा खाल्ला काय, सारखेच. सुरुवात तव्यावरच्या पापलेटने करावी. २०२३ मध्ये त्याला राज्यमाशाचा मान मिळाला, पण सुरुवातीला त्याला मान द्यायचे माझे कारण वेगळे आहे: त्याला मधला एकच मोठा काटा असतो आणि त्याची चव इतकी हळवी असते की नंतर ती सापडत नाही. त्यानंतर तिसऱ्यांचे सुके घ्यावे. शिजूनही ज्या शिंपल्या मिटलेल्याच राहिल्या असतील, त्या उचकटून खाण्याचा हट्ट करू नये, बाजूला काढाव्यात. मग बांगड्याचे तिरफळ घातलेले कालवण आणि भात. या पदार्थात कांदा-लसूण मसाला नसतो, आंबटपणा कोकमाचा असतो आणि तिरफळाचा वास थोडा रानटी लागतो. काही स्टॉलवाले कोल्हापुरी गिऱ्हाईक बघून त्यात आपली चटणी ढकलतात. तसे करू नका, तुमच्या घरी करता तसेच द्या, असे आधीच सांगावे. रोहू-कटल्यासारखे गोड्या पाण्यातले मासे दिसले आणि सोबत लहान मुले असली तर जपावे. त्यांच्या मांसात इंग्रजी वाय अक्षरासारखे दुहेरी बारीक काटे असतात आणि ते बोटांना सहज लागत नाहीत.

पापलेट खाण्याची रीत सोपी आहे. मासा ताटलीत आडवा ठेवावा, अंगावरून शेपटीपर्यंत जी मधली रेघ दिसते तिच्यावरून अंगठा फिरवावा आणि वरची अर्धी बाजू पाठीकडे, उरलेली पोटाकडे सरकवावी. मधला काटा उघडा पडला की तो शेपटीकडून धरून डोक्याकडे अलगद उचलावा. मासा नीट शिजलेला असेल तर काटा कंगव्यासारखा अखंड निघतो आणि खालची बाजू ताटलीत तशीच राहते. काटा मांसाला चिकटून तुटत असेल तर मासा कच्चा आहे, तो परत तव्यावर टाकायला सांगण्यात संकोच बाळगू नये. खेकडा मात्र घाईच्या माणसाने घेऊच नये. नांग्या फोडून आतले मांस काढायला अर्धा तास सहज जातो, दोन्ही हात भरतात आणि अशा हातांनी टाळीसुद्धा वाजवता येत नाही.

काटा अडकलाच तर भाताचा किंवा केळ्याचा मोठा घास न चावता गिळायला आपल्याकडे सांगतात. मीही तेच केले होते. त्याने काटा आणखी खोल रुतू शकतो, असे मला डॉक्टरांनी समजावले. खोकून पाहावे, पाण्याचा लहान घोट घ्यावा, आणि टोचणे थांबले नाही तर सरळ दवाखाना गाठावा.

हात धुऊन सोलकढीचा पेला घेतला की संध्याकाळचा दुसरा भाग सुरू होतो. हे गाव गाण्याला नवखे नाही. राजर्षी शाहू महाराजांच्या आश्रयाने गायक अल्लादिया खाँसाहेब इथे राहिले, जयपूर-अत्रौली घराण्याची गायकी इथे रुजली, आणि गायन समाज देवल क्लब ही इथली संगीतसंस्था १८८३ पासून मैफलींची परंपरा सांभाळतो आहे. म्हणून सुरावट चालू असताना मंचासमोर खुर्च्या ओढत फिरणारा माणूस मला आपल्या गावचा वाटत नाही. बसण्याची जागा निवडताना पहिल्या रांगेचा मोह सोडावा. गर्दीच्या साधारण मध्यावर एक टेबल असते, तिथे ध्वनिव्यवस्थेचा माणूस मिक्सरच्या बटणांवर बोटे ठेवून बसलेला असतो. तो स्वतःच्या कानाने आवाज जुळवत असतो, म्हणून त्याच्या आसपास तबला आणि गळा यांचा तोल सर्वांत चांगला ऐकू येतो. स्पीकरच्या शेजारी मुलांना बसवू नये. हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावे लागत असेल, तर ती जागा मोठ्यांच्याही कानाला बरी नाही. स्टॉलच्या बाजूचे टोकही टाळावे, कारण तिथे ऐन आलापीत "तीन सुरमई, दोन भाकरी" अशी साथ मिळते.

अंगावर शाल असावी आणि पायांना डासांचे मलम लावावे. पत्रावळी, काटे आणि कागदी पेले तळ्यात किंवा काठाच्या दगडांत टाकू नयेत. जलपर्णी आणि सांडपाण्याने रंकाळ्याचे जे हाल व्हायचे ते आधीच झाले आहेत. परतताना गंगावेशीत धारोष्ण दुधाचा पेला घेण्याची अनेकांची सवय आहे. माशावर दूध घेतल्याने कोड फुटते, या समजुतीला वैद्यकीय आधार नाही. तरी आमच्या आजीमुळे माझा हात अजून पुढे होत नाही.

शेवटची दोन गाणी मी मंचासमोर बसून ऐकत नाही. साडेनऊला उठतो आणि काठाच्या पदपथावरून दूर चालत जातो. रात्री पाण्यालगतची हवा थंड आणि वरची हवा त्यामानाने उबदार असते, तेव्हा वर जाणारा आवाज वाकून पुन्हा खाली येतो आणि पाण्यावरून लांबवर पोहोचतो. जवळून जे ढोलकीच्या दणक्यात बुडाले होते ते शब्द तिथे सुटे ऐकू येतात. दहाला भैरवी संपते, दिवे मालवू लागतात आणि तोवर माझी रिक्षा मिळालेली असते.