परंपरागत कृषी विकास योजनेचा लाभ घेताना: आधी गट, मग अर्ज

सेंद्रिय शेतीचे क्षेत्र वाढावे यासाठी केंद्र सरकारने २०१५ मध्ये परंपरागत कृषी विकास योजना सुरू केली. या योजनेची मदत एकट्यादुकट्या शेतकऱ्यासाठी नसून गटासाठी आहे. किमान २० हेक्टरांचा समूह जमवावा लागतो आणि त्यात एका शेतकऱ्याचे जास्तीत जास्त २ हेक्टर क्षेत्र धरले जाते. म्हणून कागदपत्रांच्या मागे लागण्याआधी माणसे जोडावीत, आणि तीही शक्यतो बांधाला बांध लागून असलेली, कारण शेजारच्या शिवारातून उडून येणारी फवारणी हीच पुढे सर्वांत मोठी अडचण ठरते.

गट ठरल्यावर तालुका कृषी अधिकारी कार्यालयात किंवा जिल्ह्याच्या ‘आत्मा’ (कृषी तंत्रज्ञान व्यवस्थापन यंत्रणा) कार्यालयात चौकशी करावी. सातबारा, आठ-अ, आधार कार्ड आणि आधारशी जोडलेल्या बँक खात्याचे पासबुक प्रत्येकाने तयार ठेवावे.

मदतीचा हिशेब आधीच नीट समजून घ्यावा. सुधारित निकषांनुसार तीन वर्षांसाठी हेक्टरी ३१,५०० रुपये मंजूर होतात. त्यांपैकी १५,००० रुपये सेंद्रिय निविष्ठांसाठी, म्हणजे खते, बियाणे अशा साहित्यासाठी, थेट शेतकऱ्याच्या खात्यात येतात आणि उरलेली रक्कम प्रशिक्षण, प्रमाणीकरण, विक्रीव्यवस्था अशा कामांवर खर्च होते. खात्यात येणारी रक्कम एकरी आणि वर्षाला मोजली, तर ती जेमतेम २,००० रुपये भरते. एवढ्यात दुकानातल्या बाटल्या परवडणार नाहीत. त्यापेक्षा २०० लिटरची टाकी घेऊन १० किलो शेण, १० लिटर गोमूत्र, प्रत्येकी २ किलो गूळ व बेसन आणि बांधावरची मूठभर माती यांचे जीवामृत हे द्रवरूप खत घरीच करावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

माल सेंद्रिय असल्याचे प्रमाणीकरण ‘पीजीएस-इंडिया’ या सहभागी हमी पद्धतीने होते, म्हणजे गटातील शेतकरीच एकमेकांच्या शेताची तपासणी करतात. ही पद्धत स्वस्त आहे; पण तिचा सगळा भार परस्परविश्वासावर आणि नोंदवहीवर आहे. पेरणीची तारीख, बियाणे कोठून आणले, कोणती फवारणी किती केली, माल किती निघाला, हे त्याच दिवशी लिहावे. तपासणीच्या आदल्या रात्री एकाच शाईने भरलेली वही अनुभवी डोळ्याला लगेच ओळखू येते. फवारणीचा पंप कोणाकडून उसना आणू नये आणि आपलाही देऊ नये, कारण नळीत उरलेले तणनाशक उभ्या पिकाचे आणि गटाच्या नावाचेही नुकसान करते. लागून असलेल्या रासायनिक शेताच्या बाजूला शेवरीसारख्या झाडांचा दाट पट्टा ठेवावा.

रासायनिक शेतीतून सेंद्रिय शेतीकडे रूपांतराच्या काळात, म्हणजे हंगामी पिकांसाठी साधारण दोन आणि फळबागांसाठी तीन वर्षे, माल ‘पीजीएस-ग्रीन’ या चिन्हाखाली विकता येतो. ‘पीजीएस-ऑरगॅनिक’ चिन्ह त्यानंतर मिळते. हे प्रमाणपत्र देशांतर्गत बाजारासाठी आहे. निर्यातीचा विचार असेल, तर ‘अपेडा’ या केंद्राच्या कृषी निर्यात प्राधिकरणाच्या देखरेखीखालील राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमाचे प्रमाणीकरण लागते, आणि तो निर्णय गटाने पहिल्याच वर्षी घ्यावा.