प्रत्येक वाक्याला पत्ता हवा: सहावी ते आठवीच्या मुलांकडून इतिहासाचा संशोधन-निबंध करून घेताना

इतिहासाचा प्रकल्प म्हटलं की स्टेशनरीच्या दुकानातून चित्रतक्ता आणायचा, चित्रं कापून चिकटवायची, इंटरनेटवरचा मजकूर सुवाच्य अक्षरात उतरवायचा आणि वर झगमगीत मुखपृष्ठ चढवायचं, अशी रीत पडून गेली आहे. त्यात मुलांचे हात शिणतात, डोक्याला काही काम मिळत नाही. संशोधन-निबंधात मुलाचा स्वतःचा एक प्रश्न असतो आणि त्याचं उत्तर त्यानं शोधून काढलेलं असतं. निबंधातल्या कुठल्याही वाक्यावर बोट ठेवून ‘हे तुला कुठून कळलं?’ असं विचारलं, तर त्याला सांगता येतं. बारा-तेरा वर्षांच्या मुलांना हे नक्की जमतं, फक्त पुरेसा वेळ द्यायला हवा. सहा आठवडे धरा, आठवड्याला दोन तासिका. पहिला आठवडा प्रश्न ठरवण्यात जातो, पुढचे दोन साधनं आणि टिपणं यांत, चौथा मुलाखत आणि आराखड्यात, पाचवा कच्च्या लेखनात आणि सहावा दुरुस्तीत. लांबी ८०० ते १००० शब्द, म्हणजे फुलस्केपची चार-पाच पानं. याहून जास्त मागितलं की पालक लिहायला बसतात.

विषय नको, प्रश्न हवा

पुण्यातल्या शाळेचं उदाहरण घेऊ. मूल म्हणतं, ‘मी पानशेतच्या पुरावर लिहिणार.’ १२ जुलै १९६१ रोजी सकाळी, काम पुरतं संपलेलं नसताना पानशेतचं धरण फुटलं. ते पाणी खालच्या खडकवासला धरणावर आलं, तेही फुटलं आणि मुठेकाठच्या पेठा पाण्यात गेल्या. एवढं सगळ्यांना ठाऊक असतं आणि तेच मूल पाच पानं भरून लिहून आणतं. विषय मोठा असला की मूल वरवरचं लिहितं, कारण खोलात जायला जागाच उरत नाही.

म्हणून विषयाला तीन कात्र्या लावा: कुठलं ठिकाण, कुठला काळ, कुठली माणसं. मग ‘पानशेतचा पूर’ याचा प्रश्न होतो: ‘पुरानंतरच्या वर्षभरात नारायण पेठेतली पूरग्रस्त कुटुंबं कुठं राहायला गेली?’ किंवा ‘शहराचं नळाचं पाणी बंद पडलं तेव्हा आपल्या भागातल्या लोकांनी पाणी कुठून आणलं?’ पहिल्या प्रश्नाचा माग काढत मूल गोखलेनगरसारख्या, पूरग्रस्तांसाठी उभ्या राहिलेल्या वसाहतीपर्यंत पोहोचतं. रोज बसमधून दिसणारी वस्ती कशी झाली, हे त्याचं त्याला उलगडतं.

‘धरण का फुटलं?’ हा प्रश्न मुलांना फार खुणावतो, पण सातवीत तो घेऊ देऊ नये. त्यासाठी स्थापत्यशास्त्र आणि चौकशीचे अहवाल वाचावे लागतात. ते झेपलं नाही की मूल कुणाचं तरी मत जसंच्या तसं उतरवतं.

प्रश्न पक्का करण्याआधी मुलाला वहीत दोन गोष्टी लिहायला सांगा: या प्रश्नाचं उत्तर मला आज माहीत आहे का, आणि पंधरा दिवसांत पायी किंवा बसनं जाऊन मला कोणती तीन साधनं मिळतील. तीन नावं लिहिता आली नाहीत तर प्रश्न बदलायचा, मग तो कितीही छान असो.

जिथं शाळा, तिथला प्रश्न. सातारा जिल्ह्यात ११ डिसेंबर १९६७चा कोयनेचा भूकंप आहे, लातूर-धाराशिवकडे ३० सप्टेंबर १९९३चा किल्लारीचा. मराठवाड्यात आणि नगर-सोलापूरकडे १९७२च्या दुष्काळातली रोजगार हमीची कामं पाहिलेली माणसं घरोघरी आहेत. गोव्यात महाराष्ट्रात विलीन व्हायचं की वेगळं राहायचं यावरचा १६ जानेवारी १९६७चा जनमत कौल आहे. शिवाजी महाराजांवरच लिहायचं, असं निम्मा वर्ग म्हणेल. त्यांना नाही म्हणू नका, जवळच्या किल्ल्यावर पाठवा: ‘या किल्ल्यावर पाण्याची किती टाकी आहेत आणि ती कुठं कुठं खोदली आहेत?’ यात मोजपट्टी, वही आणि स्वतः काढलेला नकाशा हेच पहिलं साधन होतं. टाक्याच्या काठाशी मात्र मोठं माणूस सोबत हवंच.

साधन आणि त्याची तारीख

लिखित, भौतिक आणि मौखिक साधनं मुलांनी पाठ्यपुस्तकात वाचलेली असतात, इथं ती हाताळायची असतात. प्रत्येकाकडे कमीत कमी दोन लिखित, एक मौखिक आणि एक भौतिक साधन हवं. भौतिक म्हणजे इमारत, पाटी, जुना फोटो, रेशनकार्ड, पुराच्या पाण्याची भिंतीवरची खूण, काहीही चालेल.

सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो तारखांमुळे, म्हणून यावर एक पूर्ण तासिका घालवा. पूर १२ जुलैला दिवसा आला, त्यामुळे त्या दिवशी सकाळी निघालेल्या वर्तमानपत्रात पुराची बातमी सापडणार नाही. ग्रंथालयात फाईल मागताना १३ जुलैपासून पुढची मागायची. मुलं १२ तारखेचा अंक तासभर चाळतात आणि ‘काही मिळालं नाही’ म्हणून परत येतात. १९६१च्या जनगणनेचंही तसंच आहे. ती १ मार्च १९६१ ही तारीख धरून झालेली, म्हणजे पुराच्या चार महिने आधीची. ‘पुरानंतर पेठेची लोकसंख्या’ म्हणून तो आकडा दिला की निष्कर्षच उलटा होतो. तो ‘आधी’चा आकडा. ‘नंतर’साठी १९७१ची जनगणना पाहावी लागते. तिसरी खोच गॅझेटिअरची, म्हणजे सरकारनं काढलेल्या जिल्ह्याच्या माहितीग्रंथाची. पुणे जिल्ह्याचं जुनं गॅझेटिअर १८८५चं, सुधारित १९५४चं. खडकवासल्याच्या तलावाची माहिती त्यात मिळते, पुराची मिळणं शक्य नाही. पुस्तक हातात घेतल्याबरोबर आधी प्रकाशनाचं वर्ष बघायचं, ही सवय इथं लागते.

इंग्रजीत शोधताना जुन्या कागदांत शहराचं नाव ‘पूना’ असतं, हेही सांगून ठेवा. नवं स्पेलिंग घालून शोधलं की अर्धे कागद निसटतात.

विकिपीडिया वाटाड्या म्हणून वापरू द्या: लेखाच्या तळाशी दिलेली पुस्तकं शोधायची, लेखातला मजकूर उतरवायचा नाही. चॅटबॉटचाही नियम एकच: ज्या वाक्यामागे टिपण नाही ते वाक्य खोडलं जाईल. हे पहिल्याच दिवशी सांगितलं की नंतर वाद होत नाहीत.

टिपणं

सगळ्या कामाचा कणा इथं आहे. वहीत सलग लिहू देऊ नका. पाठकोऱ्या ए-फोर कागदाचे चार तुकडे करायचे, एका तुकड्यावर एकच गोष्ट. वर उजवीकडे साधनाचा क्रमांक आणि पान, डावीकडे एका शब्दात मुद्दा, मधे मजकूर, खाली ‘उ’, ‘मा’ किंवा ‘वि’. ‘उ’ म्हणजे जसाच्या तसा उतारा, तो अवतरणचिन्हांतच हवा. ‘मा’ म्हणजे माझ्या शब्दांत. ‘वि’ म्हणजे माझा विचार किंवा शंका. एका निबंधाला अशी २५ ते ३० टिपणं लागतात. पंधरावर थांबलेल्या मुलाचा निबंध दुसऱ्या पानावर आटतो.

‘माझ्या शब्दांत’ म्हणजे काय, हे सांगून कळत नाही, करून घ्यावं लागतं. परिच्छेद वाचायचा, पुस्तक मिटायचं, शेजारच्याला तोंडी सांगायचं आणि मगच लिहायचं. पुस्तक उघडं राहिलं की मूल दोन शब्द बदलतं आणि बाकीचं वाक्य तसंच ठेवतं.

पंचेचाळीसच्या वर्गात प्रत्येकाला तीन मिनिटं दिली तरी १३५ मिनिटं होतात, म्हणजे पस्तीस मिनिटांच्या जवळजवळ चार तासिका. म्हणून सगळी टिपणं तपासायला जाऊ नका. प्रत्येकाची कुठलीही पाच उचला आणि फक्त पत्ता बघा: साधन, पान, चिन्ह. पत्ता नसलेलं टिपण तिथंच परत द्या. ग्रंथालयात तिघांच्या गटानं जायला हरकत नाही, प्रश्न आणि लेखन मात्र प्रत्येकाचं वेगळं हवं.

आजीला काय विचारायचं

१९६१मध्ये दहा वर्षांचं असलेलं मूल आज सत्तरीच्या पुढचं आहे. अशा माणसाशी बोलायला अर्धा तास पुरतो, त्याहून जास्त वेळ बसवलं की त्यांना थकवा येतो. आठ प्रश्न आधी लिहून न्यायचे. ‘आजी, तुम्हाला खूप भीती वाटली असेल ना?’ या प्रश्नाला ‘हो रे बाबा’ एवढंच उत्तर येतं. ‘आजी, पाणी आल्याचं कळलं तेव्हा तुम्ही कुठं होता? बरोबर कोण होतं? घरातून काय काय उचललंत?’ असं विचारलं की आजी पितळेच्या डब्यापासून सांगायला लागतात. मोबाइलवर रेकॉर्ड करायचं असेल तर आधी विचारायचं, नको म्हटलं तर हातानं लिहायचं. निबंधात नाव घालायचं की नुसतं ‘नारायण पेठेतल्या आजी’ म्हणायचं, हेही त्यांनाच विचारायचं.

घरी आल्यावर मुलाखतीच्या टिपणांचे दोन ढीग करायचे: आजींनी स्वतः पाहिलेलं आणि त्यांनी ऐकलेलं. आठवणी चुकतात, त्यात गैर काही नाही. कुणी सांगेल, ‘रविवार होता.’ मुलानं जुनं कॅलेंडर पाहायचं: १२ जुलै १९६१ हा बुधवार होता. अशा वेळी आजींना खोटं ठरवायचं नाही. निबंधात लिहायचं की आजींना तो रविवार आठवतो, कॅलेंडरप्रमाणे तो बुधवार होता. पाणी किती वाजता आलं, हे दोन घरांत दोन तऱ्हांनी सांगतात. दोन्ही वेळा लिहायच्या आणि कुणी कुठून पाहिलं तेही लिहायचं. नदीच्या वरच्या अंगाला राहणाऱ्याला पाणी आधी दिसणारच.

मांडणी आणि लेखन

वर्गात सतरंजीवर सगळी टिपणं पसरायची आणि सारखी सारखी एकत्र करायची. तीन किंवा चार गठ्ठे होतात, प्रत्येक गठ्ठा म्हणजे निबंधाचा एक भाग. ज्या गठ्ठ्यात एकच टिपण आहे तो भाग कच्चा, पुन्हा ग्रंथालयात जायचं. पाच-सहा टिपणं कुठंच बसत नाहीत. मेहनतीनं मिळवलेली असल्यामुळे मुलांना ती टाकवत नाहीत, मग ती कुठंतरी कोंबली जातात आणि निबंध भरकटतो. ती पाकिटात घालून फाईलच्या मागे ठेवायला सांगा. टाकली नाहीत म्हटल्यावर मूल राजी होतं.

लिहायला मधल्या भागापासून बसवा, सुरुवात सगळ्यात शेवटी. नाहीतर ‘प्राचीन काळापासून मानवाचे नदीशी नाते आहे’ या वाक्यावर पहिलं पान संपतं. कच्चा मसुदा एक ओळ सोडून लिहायचा, दुरुस्तीला जागा राहते. प्रत्येक माहितीच्या वाक्यापुढे साधनाचा क्रमांक कंसात.

दुरुस्तीच्या आठवड्यात विशेषणांवर लाल पेन चालवा. ‘पुरात अतोनात नुकसान झालं आणि लोकांचे खूप हाल झाले’ असं वाक्य आलं की समासात लिहा: कुठल्या गल्लीत? कुणाचं? काय गेलं? मूल टिपणांकडे परत जातं आणि ‘मुलाखत दिलेल्या आजींचं कुटुंब तीन आठवडे शाळेच्या वर्गात राहिलं (४)’ अशा धर्तीचं वाक्य घेऊन येतं. शुद्धलेखन शेवटच्या दिवशी बघा. आधीच त्यावर खुणा केल्या की मुलं ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त करतात आणि मजकुराला हात लावत नाहीत.

संदर्भयादीला एक तासिका पुरते: लेखक, पुस्तक, प्रकाशक, गाव, वर्ष, पान. वर्तमानपत्राची तारीख, मुलाखतीचा दिवस आणि ठिकाण.

पन्नास गुण असतील तर टिपणांना १५, प्रश्न आणि साधनांना १०, मांडणीला १०, लेखनाला १०, संदर्भयादीला ५. मुखपृष्ठाला शून्य, आणि हे आधी फळ्यावर लिहून ठेवा.

निबंध तपासून झाला की एक प्रत मोठ्या अक्षरात काढून मुलानं स्वतः आजींकडे नेऊन द्यायची आणि वाचून दाखवायची. त्या मधेच थांबवून ‘अरे, तसं नव्हतं ते’ म्हणाल्या, तर ते नवीन टिपण. तारीख घालून शाळेच्या प्रतीला जोडायचं.