इजिप्त समजून घ्यायचंय? मग काळ्या मातीपासून सुरू करा

प्राचीन इजिप्तचा नाद लागला की बहुतेक जण पिरॅमिडचा नाहीतर ममीच्या शापाचा व्हिडिओ बघतात, मग दुसरा, मग तिसरा, आणि महिनाभरानं डोक्यात नुसती नावं गोळा झालेली असतात, खुफू कधीचा, तुतनखामुन कधीचा, क्लिओपात्रा कधीची, कशाचा कशाला मेळ लागत नाही. मी परभणीकडचा, घरी शेती, आणि बरीच वर्षं झाली हे वाचायलो. माझं तर पक्कं मत झालंय की मराठवाड्यातल्या माणसानं इजिप्तची सुरुवात मातीपासून आणि पाण्यापासून करावी, कारण ते आपल्याला आधीच कळतंय, शिकवावं लागत नाही.

ते लोक स्वतःच्या देशाला केमेत म्हणायचे. केमेत म्हणजे काळी. नदीच्या गाळाची काळी जमीन ती केमेत, आणि पलीकडचं लाल वाळवंट ते देशरेत. आपण जमिनीला काळी आई म्हणतो त्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायची गरजच नाही. तिकडं पाऊस जवळपास पडतच नव्हता, सगळं काही नाईलच्या पुरावर. इथिओपियाच्या डोंगरात जून ते सप्टेंबर पाऊस व्हायचा, ते पाणी खाली यायचं, शेतं बुडायची, पाणी ओसरलं की मागं गाळ राहायचा आणि त्यात पेरणी. वर्षाचे ऋतूही तीनच, चार-चार महिन्यांचे, आखेत पुराचा, पेरेत पेरणीचा आणि पीक वाढायचा, शेमू कापणीचा. ३० दिवसांचे १२ महिने आणि वरचे ५ दिवस, असं ३६५ दिवसांचं वर्ष.

आणि पूर कधी येणार याची खूण कोणती तर व्याधाचा तारा. हा तारा वर्षातनं साधारण ७० दिवस दिसेनासा होतो आणि मग एके दिवशी पहाटे सूर्याच्या थोडा आधी परत उगवतो, त्याच सुमाराला पूर यायचा. त्या ताऱ्याला ते सोपदेत म्हणायचे, पुढं तिचं नातं इसिस देवीशी जोडलं, आणि शेजारच्या मृग नक्षत्रात त्यांना ओसायरिस, मेलेल्यांचा देव, दिसायचा. आपली पेरणी मृगावर, त्यांचा पूर व्याधावर, म्हणजे आभाळाच्या एकाच कोपऱ्याकडं बघून दोन्हीकडचे शेतकरी पाण्याची वाट बघायचे! थंडीत रात्री गच्चीवर जा, आग्नेयेला मृग आणि त्याच्या खाली लखलखणारा व्याध दिसतो. पहिला अभ्यास हा, पैसे लागत नाहीत.

पुराचं पाणी मोजायला त्यांनी नदीकाठी पायऱ्या बांधल्या होत्या, त्यावर खुणा, अस्वानजवळच्या एलिफंटाईन बेटावर आजही बघायला मिळतात. पाणी किती चढलं यावरून यंदा पीक किती आणि सारा किती याचा अंदाज. आपण जुलै-ऑगस्टमध्ये रोज सकाळी जायकवाडी किती टक्के झालं ते बघतो ना, तसंच. प्लिनी नावाच्या रोमन लेखकानं पहिल्या शतकात लिहून ठेवलंय की पाणी १२ हात चढलं तर दुष्काळ, १३ ला अर्धपोटी, १४ ला चेहऱ्यावर हसू, १५ ला निर्धास्त आणि १६ ला आनंदीआनंद. ज्यांनी २०१६ साली लातूरला रेल्वेनं पाणी आलेलं बघितलंय त्यांना त्या १२ आणि १६ मधल्या चार हातांचा अर्थ लगेच कळेल. पिरॅमिड बांधणारं जुनं राज्य मोडलं त्यामागं इ.स.पू. २२०० च्या सुमाराचे कमी पूर हे एक कारण असावं असं बऱ्याच अभ्यासकांना वाटतं.

आता काळाचा घोळ मिटवायचा. मीटरभरापेक्षा थोडी लांब कागदाची पट्टी घ्या, १ सेंटीमीटर म्हणजे ५० वर्षं धरा. डाव्या टोकाला नारमर राजा, इ.स.पू. ३१०० च्या आसपास, वरचा (दक्षिणेचा) आणि खालचा (उत्तरेचा) इजिप्त एक झाला तो काळ. साधारण ११ सेंटीमीटरवर खुफूचा मोठा पिरॅमिड, इ.स.पू. २५६० च्या सुमाराचा. ३५ च्या थोडं पुढं तुतनखामुन राजा. ६१ वर क्लिओपात्राचा मृत्यू, इ.स.पू. ३०. आणि तिथून आजपर्यंत फक्त ४१ सेंटीमीटर. म्हणजे क्लिओपात्रा पिरॅमिडपेक्षा आपल्या जवळची, हे वाचून पटत नाही, पट्टीवर बघितल्यावर पटतं. मग मधे जुनं राज्य, मधलं राज्य, नवं राज्य या तीन मोठ्या कालखंडांचे तीन रंग भरा आणि वेरूळचं कैलास लेणंही लावा, ते येतं ७७ च्या जवळपास. पट्टी भिंतीला चिकटवा, नवीन काही वाचलं की तिथंच खूण करायची.

यानंतर राजे नका घेऊ, माणसं घ्या. माझा सगळ्यात जीव आहे तो देर-अल-मदिना या गावावर. राजांच्या खोऱ्यातली थडगी खोदणारे, रंगवणारे कारागीर इथं राहायचे आणि रोजच्या नोंदी दगडाच्या कपच्यांवर नाहीतर खापरांवर लिहायचे. ब्रिटिश म्युझियममध्ये अशी एक कपची आहे, दुसऱ्या रामसेस राजाच्या ४० व्या वर्षातली, कामावर कोण का आलं नाही त्याचं हजेरीपत्रकच आहे ते. कुणाला विंचू चावला, कुणाचे डोळे आले, कुणी घरी बीअर बनवायला थांबला, कुणी आईच्या मयताच्या कामात. तीन हजार वर्षांपूर्वीचं! आणि तिसऱ्या रामसेसच्या २९ व्या वर्षी याच लोकांना मजुरीचं धान्य वेळेवर मिळालं नाही तेव्हा ते हत्यारं ठेवून निघाले आणि मंदिरामागं जाऊन बसले, म्हणाले आम्ही उपाशी आहोत, महिन्याचे १८ दिवस गेले. संपाची जगातली सगळ्यात जुनी नोंद म्हणून ही धरतात, तो पपायरस, म्हणजे लव्हाळ्यासारख्या झाडाचा कागद, इटलीत तुरीनला आहे.

तसाच मेरेर. २०१३ साली तांबड्या समुद्राच्या काठी वादी-अल-जर्फ इथं त्याची डायरी सापडली, आजवर सापडलेले लिहिलेले सगळ्यात जुने पपायरस ते हेच. हा मेरेर एका टोळीचा मुकादम होता, ऊसतोडीच्या टोळीला मुकादम असतो तसा म्हणा, आणि तुरा इथल्या खाणीतनं चुनखडीचे दगड नावेत घालून गिझाला नेऊन टाकायचं काम त्याच्या टोळीकडं. कोणत्या दिवशी माल भरला, कुठं मुक्काम केला, सगळं लिहिलंय, आणि हे काम खुफूच्या पिरॅमिडचं. परग्रहवाल्यांनी पिरॅमिड बांधले असा फॉरवर्ड आला की मला मेरेर आठवतो आणि खरंच वाईट वाटतं, घाम गाळलेल्या माणसांचं श्रेय असं हिसकावून घेऊ नये. पिरॅमिड एकदम उगवला नाही, तेही शिकत शिकत गेले. आधी सक्कारा इथं जोसेर राजाचा पायऱ्यांचा, मग खुफूचा बाप स्नेफेरू त्याचे प्रयोग, दहशूरला एकाचा उतार साधारण ५४ अंशांवर सुरू केला आणि वर जाऊन ४३ वर आणावा लागला म्हणून तो वाकडा दिसतो, मग शेजारी लाल पिरॅमिड नीट जमला. हे चार फोटो ओळीनं सेव्ह करा, जोसेर, वाकडा, लाल, खुफू. अर्ध्या शंका तिथंच मिटतात.

चित्रं-शिल्पं बघायची सवय अजिंठ्यापासून लावता येते. १७ नंबरच्या लेण्यात बुद्ध भिक्षा मागायला आलाय आणि समोर यशोधरा, राहुल, ते चित्र बघा, बुद्ध केवढा मोठा आणि ती दोघं केवढीशी. माप अंतराचं नाही, मोठेपणाचं. इजिप्तच्या भिंतींवर हाच नियम, राजा मोठा, नोकर गुडघ्याएवढे. (अजिंठा सोमवारी बंद असतं, वेरूळ मंगळवारी, त्या हिशोबानं निघा.) दुसरा नियम त्यांचा स्वतःचा: चेहरा बाजूनं, डोळा समोरनं, खांदे समोरनं, पाय परत बाजूनं. बऱ्याच जणांना वाटतं की त्यांना चित्र काढता येत नव्हतं. तसं नाही, प्रत्येक अवयव ज्या बाजूनं सगळ्यात नीट ओळखू येतो त्या बाजूनं काढायचा, कारण ते चित्र मेलेल्या माणसाला कायमचं वापरायचं होतं, अर्धवट राहून चालणार नव्हतं. उभा माणूस काढताना तळपायापासून कपाळावरच्या केसांच्या रेषेपर्यंत १८ चौकटी आखायचे. घरात पोरांची चौकटीची गणिताची वही असेल तर एक माणूस काढून बघा, एका संध्याकाळीत जे कळतं ते वाचून कळत नाही.

रोज एक वस्तू ही माझी सवय. ब्रिटिश म्युझियम आणि न्यूयॉर्कचं मेट म्युझियम, दोघांचे संग्रह नेटवर फुकट आहेत, फोटो झूम करून बघता येतो. वस्तूचं नाव इंग्रजीत टाकून शोधा आणि वहीत चारच गोष्टी लिहा: कशाची आहे, किती मोठी, कुठं सापडली, कुणासाठी होती. "कुठं सापडली" हे कधीच सोडू नका.

लिपीला घाबरू नका. सगळी यायची गरज नाही, २४ एकेरी ध्वनींची चिन्हं आहेत तिथून सुरुवात करा, घुबड म्हणजे म, पाण्याची लाट म्हणजे न, तोंड म्हणजे र, भाकरी म्हणजे त. पक्षी-प्राणी ज्या बाजूला तोंड करून बसलेत त्या बाजूनं वाचायचं. लांबट गोल कडं दिसलं की आत राजाचं नाव. स्वर लिहीत नसत, त्यामुळं उच्चार थोडे अंदाजाचे, आणि आपल्याकडं ज्यांच्या घरात निजामाच्या काळातली उर्दू खरेदीखतं आहेत त्यांना हे लगेच लक्षात येईल, तिथंही जेर-जबर नसतात आणि वाचणारा ओळखीनं वाचतो. आणखी एक गोड गोष्ट, देवाचं नाव मानानं आधी लिहायचे. तुत-अंख-आमुन म्हणताना आमुन शेवटी, पण लिहिताना पहिला, आपण कागदाच्या डोक्यावर आधी श्री काढतो तसा मान. ही लिपी वाचली गेली ती १८२२ साली, शांपोलियों या फ्रेंच अभ्यासकानं, १७९९ ला सापडलेल्या रोझेटा दगडाच्या मदतीनं, त्यावर एकच मजकूर तीन लिपींत होता.

श्रद्धांचा भाग सगळ्यात मोठा, आणि तिथं देवांची यादी पाठ करत बसू नका, शे-दीडशे नावांत हरवून जाल. एक प्रसंग घ्या, काळीज म्हणजे हृदय तोलायचा. मेल्यावर माणसाचं काळीज तराजूच्या एका पारड्यात, दुसऱ्यात मआतचं पीस. मआत म्हणजे सत्य, न्याय, जगाची घडी, सगळं एका शब्दात. अनुबिस देव तराजू बघतो, थोथ देव लिहून घेतो, ओसायरिस बसलेला, ४२ न्यायाधीश, आणि शेजारी अम्मित टपलेली, डोकं मगरीचं, पुढचं अंग सिंहाचं, मागचं पाणघोड्याचं. जड झालं की ती खाणार. ममी करताना बाकीचे अवयव काढायचे पण काळीज आतच ठेवायचे ते यासाठीच. आणि त्यांना भीती कुणाची तर स्वतःच्या काळजाची, ते आपल्याविरुद्ध साक्ष देईल म्हणून छातीवर दगडाचा शेणकिडा ठेवायचे आणि त्यावर मंत्र कोरायचे, माझ्या काळजा, माझ्याविरुद्ध उभं राहू नको अशा अर्थाचा. शेणाची गोळी ढकलत जाणारा हा किडा बांधावर कुणी बघितला नाही? त्यांना त्यात सकाळचा सूर्य ढकलणारा खेप्री देव दिसला.

एक गोष्ट वाचली तेव्हा अंगावर काटाच आला. तुतनखामुनच्या थडग्यात ओसायरिसच्या आकाराची एक लाकडी चौकट सापडली, आत नाईलचा गाळ भरून धान्य पेरलेलं आणि ते उगवलेलं. मेलेला देव, आणि त्याच्या अंगातनं कोंब. आमच्याकडं घटस्थापनेला आई शेतातनं काळी माती आणती, त्यात धान पेरती, नवव्या दिवसापर्यंत पिवळे तुरे येतात आणि दसऱ्याला आम्ही ते टोपीत खोवतो. मी त्या रात्री आईला फोटो दाखवला, ती म्हणाली, "मातीत पेरल्यावर उगवतंच की, त्यांना पण तेच दिसलं असंल."

तिनं म्हटलं तेवढंच धरावं, त्याच्या पुढं जाऊ नये. साम्य दिसलं की लगेच ते आपल्याकडनं गेलं असं कुणीतरी लिहितं, रामसेस म्हणजे राम असंही येतं. रामसेस म्हणजे रा देवानं जन्म दिलेला, त्यांच्याच भाषेतला अर्थ आहे. साम्य वहीत लिहा, नातं सिद्ध व्हायला मात्र वस्तू लागते, मजकूर लागतो.

आणि तशी खरी वस्तू आहे, थेट आपल्या भागाची. पहिल्या शतकात इजिप्तमधल्या एका ग्रीक बोलणाऱ्या व्यापाऱ्यानं समुद्री वाटांचं टिपण लिहिलं, त्यात पैठण आणि तगर दोन्ही आहेत, तगर म्हणजे धाराशिव जिल्ह्यातलं तेर. इथला माल गाड्यांवर लादून भरूचला जायचा आणि तिथनं जहाजानं तांबड्या समुद्राकडं. त्या समुद्रावरचं इजिप्तचं बंदर बेरेनिके, तिथं खोदकामात भारतातली मिरी सापडली, बुद्धमूर्ती सापडली आणि सातवाहनांची दोन नाणीही. त्यांची राजधानी पैठण! हा काळ पट्टीवर क्लिओपात्राच्या उजवीकडं येतो, रोमन अमलातला इजिप्त. तेरचं म्युझियम बघून या, तिथल्या हस्तिदंती बाहुलीपुढं उभं राहिलं की हा व्यापार खरा वाटायला लागतो.

मग हैदराबाद. परभणी-नांदेडहून रात्री रेल्वेत बसलं की सकाळी पोचतो, नामपल्लीच्या पब्लिक गार्डनमध्ये राज्य म्युझियम आहे, सुट्टीचा वार आधी बघून घ्या. तिथं एक ममी आहे, साधारण २३०० वर्षांपूर्वीच्या बाईची, तिचं नाव नैशू सांगतात, आणि सातव्या निजामानं १९३० साली ती म्युझियमला दिली, म्हणजे तेव्हा आपला मराठवाडा त्याच राज्यात होता. बरीच मंडळी काचेजवळ येतात, फोटो काढतात आणि दोन मिनिटांत निघतात. इजिप्तच्या थडग्यांवर जाणाऱ्या-येणाऱ्याला उद्देशून लिहिलेलं असायचं की बाबा रे, माझं नाव घे, हजार भाकरी हजार बीअर असं तोंडानं म्हण, तुझ्या तोंडातली नुसती वाफ जाते, कष्ट काही नाहीत, मला मात्र तिचा उपयोग आहे. म्हणून मोबाईल खिशात ठेवा, काचेपाशी थांबा, आणि हळू आवाजात एकदा म्हणा, नैशू.