हिरव्या लेसविंगला नाव देण्याआधी

हिरवी लेसविंग म्हणजे पिकांवरचा मावा खाणारा मित्रकीटक. तिचं दांडीवरचं अंडं, मावा शोषणारी अळी, रेशमी कोष हे सगळं पाठ्यपुस्तकात आहे, त्यात वेळ घालवत नाही. नवीन माणूस अडकतो तो नावापाशी.

भारतातल्या शेतात सापडणाऱ्या क्रायसोपर्ला या लेसविंगच्या वंशातल्या किड्यांवर वर्षानुवर्षं ‘कार्निया’ हे जातीचं नाव लिहिलं गेलं. 2010 मध्ये लेसविंगचे अभ्यासक हेन्री आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की आपल्या पिकांवरची ही जात म्हणजे क्रायसोपर्ला झास्ट्रोवी सिलेमी. कार्निया हा दिसायला जवळजवळ सारख्या जातींचा गट आहे. नर-मादी पोट थरथरवून पानातून कंपनं पाठवतात, आणि जात ओळखतात ती या कंपनांच्या लयीवरून. तेव्हा जुना शोधनिबंध उघडून नाव उतरवू नका. व्हॉट्सॲपवर फोटो टाकून ‘सर, स्पीशीज?’ विचारणं तर त्याहून वाईट. फोटोवरून छातीठोक नाव सांगणारा मार्गदर्शक मला तरी भरवशाचा वाटत नाही.

आता खरा सापळा: अल्कोहोल. 70 टक्के अल्कोहोलमध्ये हिरवा रंग पिवळट पडतो, गालावरच्या लालसर खुणाही फिकटतात, आणि ओळख पटवायला त्याच खुणा लागतात. म्हणून आधी जिवंत किड्याच्या चेहऱ्याचे समोरून आणि बाजूने फोटो. मग काही नमुने टाचणीवर कोरडे, काही डीएनएसाठी 95 टक्के अल्कोहोलमध्ये. नुसत्या रंगावर विसंबू नका, कारण युरोपातला कार्निया हिवाळी सुप्तावस्थेत तपकिरी होतो.

वंश नक्की करायला नराचे जननभाग पाहावे लागतात, म्हणून नर वेगळे काढा. कोषातून नुकताच निघालेला नको, त्याचे जननभाग मऊ असतात, एक-दोन दिवस जगू द्या. पोटाचं टोक कापून 10 टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये रात्रभर थंडच ठेवा. घाईत उकळलंत की पडदे फाटतात आणि नमुना हातचा जातो. पाण्याने धुवा, क्लोराझोल ब्लॅकचा हलका रंग द्या, ग्लिसरीनमध्ये पाहा. टिग्नम आणि गोनॅप्सिस हे नराच्या जननभागातले दोन कडक तुकडे; क्रायसोपर्लात टिग्नम असतो, गोनॅप्सिस नसतो. पहिल्या काही नरांत काहीच ओळखू येत नाही, ते साहजिक आहे. तुकडा छोट्या कुपीत घालून त्याच टाचणीला लावा. वेगळ्या डबीत ठेवलेला तुकडा कोणत्या किड्याचा, हे नंतर सांगता येत नाही. कंपनांची नोंद किंवा डीएनए नसेल तर लेबलवर ‘क्रायसोपर्ला, कार्निया गट’ एवढंच लिहा. त्यात कमीपणा काही नाही.

अळ्या वाढवताना प्रत्येकीला वेगळा कप्पा द्या, एकत्र ठेवल्या तर एकमेकींना खातात. खाद्य कॉर्सिरा या तांदळावरच्या पतंगाची अंडी. प्रौढ क्रायसोपर्ला शिकार करत नाही, त्याला यीस्ट-मधाचा लेप आणि पाणी पुरतं. क्रायसोपा या लेसविंगच्या दुसऱ्या वंशातल्या प्रौढाला मात्र मावाच लागतो. अळीचं मधलं आतडं मागे बंद असतं, त्यामुळे साठलेली घाण प्रौढ बाहेर आल्यावर काळ्या गोळीच्या रूपात पडते. पिंजऱ्यात ती दिसली म्हणून रोग समजून वसाहत फेकून देऊ नका.