वंशवृक्ष वाचताना या चुका टाळा

मगर, पाल आणि कावळा. मगरीचं जवळचं नातं कोणाशी? बहुतेक जण पालीचं नाव घेतात. उत्तर आहे कावळा. जीवांची अशी नाती फांद्यांच्या आकृतीत दाखवतात, तोच वंशवृक्ष.

गोंधळ होतो तो दिसण्यावरून नातं ठरवल्यामुळे. जीवशास्त्रात नातं ठरतं ते दोघांचा समाईक पूर्वज किती अलीकडचा यावरून. चार पाय, शेपूट, सरपटणं हा वारसा फार जुना. तो मगरीने जपला, पालीनेही जपला, म्हणून त्या दोघी जवळच्या ठरत नाहीत. नंतर नव्याने आलेलं आणि मोजक्याच गटांत असलेलं लक्षण शोधावं लागतं. जर्मन कीटकशास्त्रज्ञ विली हेनिग यांनी 1950 साली हीच पद्धत शिस्तीत मांडली. मगरीचं हृदय चार कप्प्यांचं असतं, पक्ष्यांचंही, पालीचं तीन.

पण एकाच लक्षणावर विसंबणं ही दुसरी चूक. चार कप्प्यांचं हृदय आपल्यालाही आहे, ते मात्र सस्तन प्राण्यांत स्वतंत्रपणे घडलं. सह्याद्रीत ओल्या मातीत सापडणारं देवगांडूळ पाहा. अंगावर वळ्या, पाय नाहीत. कोणी त्याला गांडूळ समजतं, तर कोणी साप म्हणून मारून टाकतं, याचं फार वाईट वाटतं. ते बेडकाच्या गोतातलं, उभयचर आहे. जमिनीत राहून शरीर तसं झालं, एवढंच. म्हणूनच आज शरीररचनेच्या जोडीला डीएनएमधली अनेक जनुकं ताडून पाहतात.

आकृती वाचतानाही घोटाळा होतो. फांद्यांच्या टोकांवरची नावं ज्या क्रमाने लिहिलेली असतात, त्या क्रमाला अर्थ नसतो. फाट्यापाशी फांद्यांची अदलाबदल केली तरी नातं तेच राहतं. शेवटी लिहिलेला जीव सर्वांत ‘प्रगत’ नसतो. आणि माणूस चिंपांझीपासून झाला, हे तर म्हणूच नका. चुलतभाऊ आपला बाप नसतो. आजोबा एक असतात. आपला आणि चिंपांझीचा समाईक पूर्वज साधारण 60 ते 70 लाख वर्षांपूर्वीचा, आणि तो चिंपांझी नव्हता.

अडलात तर दोन टोकांवर दोन बोटं ठेवा आणि मुळाकडे सरकवत न्या. ती भेटतात तो फाटा म्हणजे समाईक पूर्वज. भाजीच्या टोपलीत बसणाऱ्या अळंबीवर हे करून पाहा: तिचं बोट झाडांच्या फांदीला भेटण्याआधी प्राण्यांच्या फांदीला भेटतं.