आयलावर डिस्टिलरी टूर करायचीय? मग गाडी नका घेऊ, चालत फिरा

स्कॉटलंडला जाणारे आपले लोक एडिनबरा, लॉख नेस आणि 'जाता जाता एखादी डिस्टिलरी पण करू' असा प्लॅन करतात, आणि ती एखादी डिस्टिलरी बहुतेक वेळा टूर बसवाल्यानेच ठरवलेली असते, तासाभरात आत-बाहेर, दोन घोट, दुकान, चला बसा गाडीत. वाईट काही नाही त्यात. पण व्हिस्की खरंच आवडत असेल आणि हाताशी दोन-तीन दिवस जास्तीचे असतील तर सरळ आयला बेट गाठा. पश्चिम किनाऱ्यावरचं हे बेट धुरकट व्हिस्कीसाठी जगभर प्रसिद्ध आहे आणि तिथे लाफ्रॉइग, लागावूलिन आणि आर्डबेग या तीन मोठ्या नावाच्या डिस्टिलऱ्या एकाच पायवाटेवर ओळीने लागतात. पोर्ट एलन गावापासून शेवटच्या आर्डबेगपर्यंत साधारण पाच किलोमीटर, मेन रस्त्याच्या बाजूने वेगळी बांधलेली डांबरी वाट, चढ-उतार फारसे नाहीत, आईबाबांना घेऊन गेलात तरी जमेल.

गाडी नको असं का म्हणतोय तर स्कॉटलंडमध्ये डिसेंबर २०१४ पासून ड्रिंक-ड्राइव्हची लिमिट १०० मिली रक्तात ५० मिलिग्रॅम आहे, इंग्लंडपेक्षा कडक. आपल्याकडे ३० आहे म्हणून ५० वाचून खूश होऊ नका, कारण २५ मिलीचा ४० टक्केवाला छोटा पेग म्हणजे तिकडच्या हिशोबाने एक युनिट (१० मिली शुद्ध अल्कोहोल) झालं आणि टेस्टिंगमध्ये बऱ्याचदा कास्क स्ट्रेंग्थ म्हणजे ५५-६० टक्क्यांचा माल असतो, असे चार ग्लास समोर आले की हिशोब कोण ठेवणार. ग्रुपमध्ये कोणी ड्रायव्हिंग करणारच असेल तर बुकिंग करतानाच सांगा, त्याच्या वाटणीची व्हिस्की छोट्या बाटल्यांमध्ये भरून देतात, त्याला ड्रायव्हर्स ड्रॅम म्हणतात. आणि ही सोय फक्त ड्रायव्हरसाठी आहे असं समजू नका, कोणालाही चारपैकी दोन ग्लास जड वाटले तर विचारायला लाजू नका, बहुतेक ठिकाणी आनंदाने भरून देतात. पैसे दिलेत म्हणून सगळं तिथेच संपवलं पाहिजे हा आपला बुफेवाला हिशोब इथे चालत नाही.

पोचायचं कसं? ग्लासगोच्या बुकॅनन स्ट्रीट बस स्टेशनवरून कॅम्पबेलटाउनची बस घ्या आणि केनाक्रेगला उतरा. तिथून कॅलमॅकची फेरी, दोन तास आणि थोडं वर. फेरी बेटावर दोन ठिकाणी लागते, पोर्ट एलन आणि पोर्ट अस्केग, बुक करताना नीट बघा कारण दोन्ही बेटाच्या दोन टोकांना आहेत आणि आपल्याला पोर्ट एलन हवंय. राहायचंही तिथेच बघा. विमानही आहे ग्लासगोवरून, पण येताना हातातल्या बॅगेत बाटली चालत नाही त्यामुळे मला फेरीच बरी वाटते. वारा जोरात असला की फेरी कॅन्सल होते, हे तिकडे नेहमीचंच आहे, म्हणून मुंबईचं फ्लाइट आणि परतीची फेरी यात निदान एक दिवस मोकळा ठेवाच.

कधी जायचं यावर थोडं जास्त बोलतो कारण इथेच लोक फसतात. मे महिन्याच्या शेवटी आयलावर फेश ईला नावाचा व्हिस्की आणि संगीताचा उत्सव असतो, एकेक दिवस एकेका डिस्टिलरीचा, त्या आठवड्यात आयत्या वेळी खोली, फेरी, टूर काहीही मिळेल ही आशा सोडा. मजा वेगळीच असते पण पहिल्यांदा जाणाऱ्याने ते टाळावं असं माझं मत. हिवाळ्यात टूर कमी आणि वेळा तोकड्या. राहिला उन्हाळा, म्हणजे रात्री दहापर्यंत उजेड आणि त्यातल्या त्यात बरी हवा, पण उन्हाळ्यातच बऱ्याच डिस्टिलऱ्या काही आठवडे मेंटेनन्ससाठी उत्पादन बंद ठेवतात, टूर चालू असते पण स्टिल म्हणजे दारू गाळायची भांडी थंड, वास नाही, वाफ नाही, नुसती तांब्याची मोठमोठी भांडी बघून यायचं. म्हणून बुक करायच्या आधी एक ओळीचा मेल टाका की अमुक तारखेला प्रॉडक्शन चालू आहे का. हा प्रश्न फार कमी लोक विचारतात आणि सगळ्यात जास्त फरक त्यानेच पडतो.

टूरचे प्रकार वेबसाइटवर भरपूर दिसतील. साधी टूर म्हणजे पूर्ण कारखाना आणि शेवटी दोन-तीन ग्लास, दुसरा प्रकार नुसतं टेस्टिंग, आणि तिसरं वेअरहाउस टेस्टिंग, ज्यात गोदामात बसवून पिंपातून काढलेली व्हिस्की थेट ग्लासात देतात. ते महाग असतं पण एकदा कराच, फक्त आधी एक साधी टूर झालेली असू द्या, नाहीतर समोर काय आलंय ते कळणार नाही. दिवसाला दोन बुकिंग पुरे. तीन डिस्टिलऱ्या एकाच वाटेवर आहेत म्हणून तिन्हीकडे टूर घेतली की तिसरीकडे नाकही काम करत नाही आणि गाइड काय सांगतोय तेही डोक्यात शिरत नाही.

मी सांगतो तो क्रम असा. सगळे पोर्ट एलनहून चालत निघून आर्डबेगला संपवतात, तुम्ही उलटं करा. सकाळी भरपेट नाश्ता करून आर्डबेगची बस पकडा (रविवारी बसच्या भरवशावर राहू नका, टॅक्सी आधी सांगून ठेवा), तिथे टूर करा, तिथल्याच कॅफेत जेवा, मग रमतगमत दीड-दोन किलोमीटर चालत लागावूलिन, तिथे दुपारचं टेस्टिंग, समुद्राच्या बाजूला डनीवेग किल्ल्याचे अवशेष दिसतात ते बघत थोडं बसा, मग तेवढंच चालून लाफ्रॉइग, तिथे फक्त दुकान आणि चक्कर, लाफ्रॉइगची टूर दुसऱ्या दिवशी ठेवा. म्हणजे जसजशी चढत जाते तसतशी खोली जवळ येते. आर्डबेगचा कॅफे कुठल्या दिवशी बंद असतो ते आदल्या दिवशी बघून घ्या, कारण मधे कुठे वडापावची गाडी लागणार नाहीये. व्हेज खाणाऱ्यांनी बॅगेत भडंग, चिक्की असं काहीतरी ठेवाच. छत्री नको, तिकडच्या वाऱ्यात ती उलटीच होते, चांगलं वॉटरप्रूफ जॅकेट घ्या आणि बंद बूट, आत जाळीचे जिने असतात.

अजून एक, त्या दिवशी परफ्यूम, अत्तर, वासाचं तेल काही लावू नका, तुमचंही नाक मरतं आणि शेजारच्याचंही.

आत गेल्यावर काय बघायचं? लाफ्रॉइगला आणि बोमोरला (बेटावरचीच आणखी एक डिस्टिलरी) स्वतःची फ्लोअर मॉल्टिंग आहे, म्हणजे भिजवलेलं बार्ली जमिनीवर पसरून मोड आणायचे आणि मग भट्टीत पीटच्या धुरावर वाळवायचं, की झालं माल्ट. पीट म्हणजे दलदलीतली हजारो वर्षांची कुजलेली, दबलेली झाडं-गवत, कापून वाळवून जाळतात. व्हिस्कीतला धूर इथून येतो, पिंपातून नाही, हे बऱ्याच जणांना तिथे जाऊन कळतं. किती धूर ते फेनॉलच्या (धुराचा वास देणारी द्रव्यं) पीपीएममध्ये, म्हणजे दहा लाखात किती भाग असं सांगतात, लागावूलिनचं माल्ट ३५ च्या आसपास, आर्डबेगचं ५० च्या वर, पण हा आकडा माल्टचा, बाटलीतल्या व्हिस्कीचा नाही, तिथपर्यंत तो बराच उतरतो. आपल्या गोव्याच्या पॉल जॉनची 'बोल्ड' प्यायली असेल तर तिच्यातही आयलाचंच पीट आहे.

पुढे मॅश, म्हणजे दळलेलं माल्ट गरम पाण्यात कालवून त्यातली साखर काढायची, मग वॉशबॅक म्हणजे आंबवायच्या मोठ्या टाक्या. गाइड झाकण उघडून वास घ्या म्हणेल तेव्हा एकदम तोंड आत घालू नका, कार्बन डायऑक्साइडचा असा झटका बसतो की डोळ्यात पाणी. हे जे आंबलेलं पाणी असतं ते साधारण ८ टक्क्यांचं, बिअरसारखं, कुठे कुठे चाखायलाही देतात, चाखा. मग तांब्याच्या स्टिलमध्ये दोनदा डिस्टिल. पहिली आणि शेवटची धार बाजूला काढतात, मधलीच ठेवतात, तो 'कट' कधी घेता हे गाइडला विचारा, धुराच्या व्हिस्कीत ते फार महत्त्वाचं असतं आणि असा प्रश्न आला की गाइडही खुलतो, पाठ केलेलं सोडून बोलायला लागतो. पितळ-काचेची कुलूपबंद पेटी दिसेल ती स्पिरिट सेफ, पूर्वी त्याची किल्ली एक्साइजच्या साहेबाकडे असायची. स्टिलजवळ अल्कोहोलची वाफ असते म्हणून बऱ्याच ठिकाणी मोबाइल बंद करायला सांगतात, तिथे हुज्जत नको.

गोदामात गेलात की विचारा वर्षाला किती उडून जातं. स्कॉटलंडमध्ये साधारण २ टक्के. गोव्यात कुंकळ्ळीला पॉल जॉनच्या डिस्टिलरीत हेच ८ टक्क्यांच्या घरात जातं, उष्णतेमुळे, आणि म्हणून आपल्याकडची सहा-सात वर्षांचीच व्हिस्की एवढी भरलेली लागते. कायद्याने स्कॉचला ओकच्या पिंपात किमान तीन वर्षं काढावी लागतात, आणि बाटलीवर १६ लिहिलंय म्हणजे आतली सगळ्यात कोवळी व्हिस्की १६ वर्षांची.

आता टेस्टिंग. चखणा, सोडा, बर्फ विसरा. ट्युलिपसारखा छोटा ग्लास येईल, नाक आत खुपसू नका, तोंड किंचित उघडं ठेवून थोडं लांबूनच हुंगा, मग जवळ. पहिला घोट अगदी थेंबभर, तो फक्त जिभेला जागं करायला, चव दुसऱ्या घोटाला कळते. मग पाण्याचे दोन-चार थेंब टाका आणि पुन्हा हुंगा, कास्क स्ट्रेंग्थवाल्यात तर टाकाच, त्यात कमीपणा काही नाही, गाइड स्वतः टाकतो. गाइड हीदर, ब्रॅम्बल, ख्रिसमस केक असलं काय काय म्हणेल, तुम्हाला ते नाही आलं तर मान डोलावू नका, तुमच्या नाकाला जे आठवतंय ते बोला. लाफ्रॉइगला मला गुडघा फुटल्यावर लावायच्या टिंक्चर आयोडीनचा वास येतो, कोणाला त्यात सुकट-बोंबील सापडेल, कोणाला चूल विझवल्यावरचा ओला धूर. एका ग्लासानंतर पाणी, थोडा ब्रेड किंवा साधं बिस्किट, मग पुढचा. लोणचं-ठेचा रात्री.

न पिणारे बरोबर असतील तर त्यांनीही टूर घ्यावी, बघण्यासारखं भरपूर आहे. लहान मुलांना मात्र बऱ्याच ठिकाणी कारखान्याच्या भागात घेत नाहीत, वयाची अट जागेप्रमाणे बदलते. पिण्याचं वय तिकडे १८. महाराष्ट्रात हार्ड लिकरला २५ लागतात, त्यामुळे ग्लासगोला शिकणारी मुलगी आईबाबांना टेस्टिंगला घेऊन बसते आणि बाबाच जास्त अवघडतात.

लाफ्रॉइगला एक गंमत करा. लाफ्रॉइगची बाटली घेतली की आतल्या कोडवर ऑनलाइन नाव नोंदवायचं, तुम्हाला एक चौरस फूट जमीन आयुष्यभराच्या लीजवर मिळते. तुम्ही तिथे गेलात की डिस्टिलरी भाडं म्हणून एक छोटी व्हिस्की देते आणि समोरच्या शेतात आपला झेंडा रोवून यायचं. सातबारा नाही मिळत. नोंदणी घरूनच करून जा म्हणजे पहिल्याच फेरीत भाडं वसूल. आणि गाइडला बेसी विल्यमसनबद्दल विचारा, १९३४ मध्ये उन्हाळ्यापुरती टायपिस्ट म्हणून आलेली ही बाई, १९५४ मध्ये मालक इयन हंटर गेला तेव्हा डिस्टिलरी तिच्या नावावर करून गेला, आणि तिने ती चालवून दाखवली.

दिवस उरला तर बोमोर, १७७९ ची. धूर नकोच असणाऱ्यांसाठी ब्रुक्लाडी आणि बुनाहावन.

बाटल्या आणायचं गणित आधीच करून ठेवा. भारतात येताना माणशी २ लिटर ड्युटी फ्री आणि तिकडची बाटली ७०० मिलीची, म्हणजे तीन घेतल्या की २.१ लिटर, त्या शंभर मिलीसाठी कस्टमसमोर उभं राहायचं नसेल तर दोन मोठ्या आणि बाकी मिनिएचर घ्या, ड्रायव्हर्स ड्रॅमच्या बाटल्याही त्यातच मोजा. ७० टक्क्यांच्या वरचं काही विमानात चालत नाही. २०२१ पासून ब्रिटनमध्ये टुरिस्टला दुकानातल्या खरेदीवर व्हॅट परत मिळत नाही, त्यामुळे पावत्या घेऊन एअरपोर्टवर काउंटर शोधू नका. आणि घ्यायची तर तिथेच फक्त मिळणारी डिस्टिलरी एक्स्क्लुझिव्ह घ्या, लागावूलिन १६ मुंबईच्या ड्युटी फ्रीलाही असते.