पॅसिफिकाच्या धुक्यात गॅरेजचं दार

सॅन फ्रान्सिस्कोच्या दक्षिणेला, समुद्रकाठच्या पॅसिफिकात आमचं घर आहे. इथे बर्फ पडत नाही, कडक ऊनही क्वचितच. त्यामुळे दुकानात आर-१८ चं महागडं दार दाखवलं तर भुलू नका. आर-व्हॅल्यू म्हणजे उष्णता अडवायची ताकद. माझ्या मते इथे ६ ते ८ पुरे. इथे जपायचं ते दमट, खाऱ्या हवेपासून.

म्हणून आधी फटी बघा. रात्री गॅरेजमधला दिवा लावून बाहेर उभे राहा. जिथून उजेड दिसतो, तिथून वारा शिरतो. आमच्या दाराखालचं रबर इतकं कडक झालं होतं की नखाने तुकडे निघत होते. ते आणि बाजूच्या पट्ट्या बदलल्यावरच गॅरेज उबदार वाटायला लागलं.

मग आतलं अस्तर. मी आधी फायबरग्लास लावलं, ती चूक झाली. वर्षभरात त्याने ओल धरली आणि मागच्या पत्र्यावर गंजाचे ठिपके उठले. आता दीड इंची थर्माकोलच्या शीट आहेत, साधारण आर-६ च्या. गॅरेजच्या दारासाठीच बनवलेल्या, आगीची चाचणी झालेल्या, वरून आवरण असलेल्याच घ्या. उघडा फोम पटकन पेटतो.

वजन वाढतं, तेही तपासा. दार बंद असताना ते उघडणाऱ्या मोटरपासून सोडवा, हाताने अर्ध्यावर उचला. खाली घसरलं तर दाराचं वजन पेलणाऱ्या स्प्रिंगचा ताण कमी पडतोय. त्या स्प्रिंगला स्वतः हात लावू नका, जाणकार माणूसच बोलवा.